हवालदाराचा घट

खाकी कपडा दिसला की आमच्या कुंभार आळीतली दारं लागायची. लढाईचे दिवस होते. नगरच्या कॅम्पात कुठकुठच्या पलटणी येऊन पडल्या होत्या. पुणे रस्त्यावरून लष्करी मोटारींची रांग निघाली की ती संपेपर्यंत केडगावातलं माणूस रस्ता ओलांडत नसे. त्यातच मागच्या वर्षी पोलिसांनी शेजारच्या आळीत झडती घेऊन दोघांना दोरीनं बांधून नेलं होतं. त्यांनी काय केलं होतं ते आम्हा बायकांना कुणी सांगितलं नाही. दारात खाकी आली की घरातलं माणूस जातं, एवढंच आम्हाला ठाऊक.

म्हणून एका दुपारी आमच्याच दारापुढं टांगा थांबला आणि त्यातून एक फौजी उतरला, तेव्हा मी मळायला घेतलेली माती तशीच टाकून आत पळाले. सतरा वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा गाढवांवर मडकी लादून पारनेरच्या बाजाराला गेला होता, तो चार-चार दिवस येत नसे. घरात सासरे, सासू आणि मी.

फौजी किडकिडीत होता, काळासावळा, कपाळावर भस्माच्या रेघा. त्यानं वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं होतं. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या.

"बाँब हाय गं त्यात."

मला ते खरं वाटलं. मी दाराच्या फटीतून बघत राहिले.

टांगेवाले चाचा आमच्या ओळखीचे. नगरच्या झेंडीगेटाकडं राहायचे आणि कॅम्पातली भाडी करायचे. ते पुढं झाले आणि म्हणाले, "घाबरू नका, कुंभारदादा. हे हवालदारसाहेब हायेत, दफ्तरात लिखापढीचं काम करत्यात. मद्रासकडचे. त्यांना मडकं पायजे."

"मडक्याला फौज कशाला?" सासरे म्हणाले. माझ्या सासऱ्यांचा दरारा आळीभर होता. रागावले की मडकी ठोकायची लाकडी थापी हातातून भिरकावायचे, मग समोर कोण आहे ते बघायचे नाहीत. सासूबाईंच्या भुवईवर त्याचा वण होता. पण त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही, हे मला आतूनही कळलं.

हवालदारानं वाकळ सोडली. आत खरंच मडकं निघालं, तांबूस, पोटाला गोल, आखूड गळ्याचं. त्यानं एकच शब्द उच्चारला, "घटम्."

"घट? नवरात्रातला घट?" सासरे चाचांना विचारू लागले.

मग हवालदार खालीच बसला. मांडी घालून त्यानं ते मडकं मांडीवर घेतलं, तोंड पोटाशी टेकवलं आणि दोन्ही हातांनी वाजवायला लागला. मडकं वाजवून घेतात हे मला जन्मापासून ठाऊक. गिऱ्हाईक टिचकी मारतं, खणखणीत वाजलं तर घेतं, बद्द वाजलं तर ठेवून देतं. पण इथं एका मडक्यातून सात-आठ तऱ्हेचे आवाज निघत होते. गळ्याशी बोटं मारली की पितळी भांड्यासारखा, पोटावर मनगट दाबलं की विहिरीतून आल्यासारखा. मधेच तो पोट आत ओढून तोंड मोकळं करी, तेव्हा आवाज घुमून बाहेर येई. बोटं दिसेनाशी झाली होती. आळीतली दारं एकेक करून उघडली.

चाचांनी मग सगळं उलगडून सांगितलं. त्यांच्या मुलखात गाण्याच्या बैठकीत हे मडकं मृदंगाच्या बरोबरीनं वाजतं. कॅम्पातल्या मद्राशी पलटणीनं एक छोटं देऊळ बांधलं होतं, तिथल्या उत्सवाला दीड महिन्यानं त्यांच्याकडच्या एक गाणाऱ्या बाई येणार होत्या. बाईंचा सूर उंच आणि हे मडकं खालच्या सुराचं. मडक्याचा सूर तंबोऱ्यासारखा पिळून चढवता येत नाही, दुसरं मडकंच लागतं. गावाकडून मागवावं तर लढाईमुळं पार्सलाचा भरवसा नाही.

सासऱ्यांनी मडकं उचलून बघितलं आणि चमकले. दिसायला कळशीएवढं, पण वजनाला दुप्पट.

"नमुना ठिवून जावा," ते म्हणाले. "मापं घेतल्याबिगर जमायचं न्हाई."

मडकं मागं ठेवायला हवालदाराचा जीव होत नव्हता. तो चाचांशी हिंदुस्थानीत बराच वेळ बोलला. शेवटी सासऱ्यांकडं वळून तोडक्या भाषेत म्हणाला, "ये हमारा बाप का है. बाप अब नहीं." आणि वाकळेसकट मडकं सासऱ्यांच्या हातात दिलं.

सासऱ्यांनी सुतळीनं मापं घेतली, बाहेरून. घेर, उंची, गळा, तोंड. सूर चढावा म्हणून त्याहून बोटभर लहान अशी दोन मडकी चाकावर उतरवली, नेहमीच्या आव्यात भाजली. दोन्ही दिसायला देखणी, पण वाजवली तर पाण्याच्या माठासारखी. आठ दिवसांनी हवालदार आला, एकेकावर बोट मारलं आणि मान हलवून परत गेला. रागावला नाही. पण तो गेल्यावर सासऱ्यांनी ती दोन्ही मडकी उंबऱ्यावर आपटून फोडली, आणि त्या दिवशी आम्ही सासू-सुना घरात पाय न वाजवता वावरलो.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, सासरे मातीसाठी ओढ्यावर गेले होते आणि सासूबाई देवीच्या डोंगराकडं शेण्या गोळा करायला. घरात मी एकटी. ते मडकं कोपऱ्यात वाकळेवर होतं. हवालदारानं ते वाजवलं त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी थापताना माझी बोटं परातीवर तसं करायला लागली होती. मी दार लोटलं, उखळाशेजारी बसले आणि मडकं मांडीवर घेतलं.

आधी एका बोटानं, मग चारी बोटांनी, मग मनगट. हवालदारासारखं काही आलं नाही, पण एक लहानसा तुकडा आला, चार ठोक्यांचा. पुन्हा केला, पुन्हा आला. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम बाहेर सासऱ्यांचा खोकला ऐकू आला आणि मी तटकन उठले. मडकं मांडीवरून निसटलं, मी पकडलं, पण पकडता पकडता ते उखळाच्या काठावर आदळलं.

त्याचा आवाज मोठा नव्हता. गळ्यापासून पोटापर्यंतचा हाताएवढा तुकडा सुटून माझ्या पायाशी पडला आणि उरलेल्या भागात बुडापर्यंत तडा गेला. मी बोट मारून बघितलं. बद्द.

खोकला सासऱ्यांचा नव्हताच, रस्त्यानं कुणी म्हातारा चालला होता. पण आता त्याला काय अर्थ! मी ते मडकं आणि तुकडा वाकळेत गुंडाळून मागच्या परड्यात राखेच्या ढिगात पुरलं. वाकळेची घडी दिसावी म्हणून कोपऱ्यात जुनं धडुतं गोल करून ठेवलं.

पुरताना मात्र माझं लक्ष तुकड्याच्या कडेकडं गेलं. मी कुंभाराची लेक, कुंभाराची सून. फुटलेल्या कडेवरून मडकं कसं घडलं ते मला कळतं. आमचा माठ बुडाला जाड आणि पोटाला पातळ, पाणी पाझरून गार व्हावं म्हणून. याची कड करंगळीएवढी जाड, आणि गळ्यापासून खालपर्यंत एकसारखी. असं चाकावर उतरत नाही. हे आतून दगड धरून बाहेरून थापीनं ठोकून ठोकून आणलेलं होतं, हजारदा, दोन हजारदा. शिवाय मातीत बारीक कण चमकत होते, धातूचा कीस असावा तसे.

सासऱ्यांना दीड आठवडा जे उमगलं नव्हतं ते मला त्या घटकेला उमगलं, आणि ते तोंडातून काढायची सोय नव्हती. कसं कळलं म्हणून विचारलं तर काय सांगणार होते?

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सासरे तिसरं मडकं चाकावर घ्यायला बसले, तेव्हा मी धीर करून म्हणाले, "मामा, जाडच ठिवा. म्या थापते."

त्यांनी चाक थांबवलं. "तुला कोणी शिकविलं?"

"माहेरी रांजण थापायचे."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, माझ्या तोंडावरच राख लागलेली आहे. पण त्यांचाही इलाज खुंटला होता. "थाप," म्हणाले.

लोहाराच्या भात्यापुढून मी लोखंडाचा कीस पदरात बांधून आणला आणि कुणी बघत नाही असं बघून मातीत मळला. सात मडकी सासऱ्यांनी उतरवली, सातही मी थापली. एका हातानं आतून गुळगुळीत दगड, दुसऱ्या हातानं बाहेरून थापी. खांदे भरून यायचे. सावलीत सुकत ठेवायची, जरा आवळली की पुन्हा थापायची. थापत असेपर्यंत भीती वाटत नसे. हात थांबले की पुन्हा ती राख डोळ्यांपुढं येई.

सासूबाईंनीच ते शोधून काढलं. भांडी घासायला राख आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी गेले तर त्या ढिगापाशी उकिडव्या बसलेल्या, पुढ्यात वाकळ उघडलेली.

"पोरी, काय केलंस गं हे?"

मी त्यांचे पाय धरले. मार बसेल म्हणून वाट बघत होते. त्या उलट इकडंतिकडं बघून माझ्याच डोक्यावरून पदर पुढं ओढून म्हणाल्या, "रडू नको. आवाज जाईल." मग थोड्या वेळानं, "तोफंच्या दणक्यानं पडलं म्हनू."

हे सुचण्यासारखं होतं. कॅम्पाच्या पलीकडच्या माळावर तोफांचा सराव चाले तेव्हा आमच्या भिंती हादरायच्या, फळीवरची कच्ची मडकी एकमेकांवर किणकिणायची. एकदा दोन पडलीही होती.

त्यांनीच सासऱ्यांना तसं सांगितलं. मी चुलीपाशी डोळे मिटून बसले. थापी भिंतीवर आपटेल, माझ्या अंगावर येईल. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर सासरे चाकाशेजारी मटकन बसलेले, दोन्ही हात डोक्याला.

"बापाची वस्तू हुती त्याची," ते म्हणाले. "सरकारी मानूस हाय. कोठडीत घालत्याल मला."

सगळी आळी ज्यांना भीत होती त्या माणसाचे हात कापत होते. ते बघून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण माझी उरलीसुरली जमीनच सरकली. आता घरात न भिणारं कुणीच राहिलं नव्हतं.

पळून राहुरीला सासूबाईंच्या भावाकडं जायचंही बोलणं निघालं. पण आवा रचून झाला होता. आवा टाकून कुंभार कुठं जातो?

सातांतली चार आव्यात तडकली. एक वाकडं निघालं. एक बद्द. राहिलेल्या एकावर सासऱ्यांनी बोट मारलं आणि तिथंच उभे राहिले. पुन्हा मारलं. आवाज लगेच विझत नव्हता. मग मडकं अंगरख्यानं पुसलं आणि घरात नेऊन ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी हवालदार आला. सोबत चाचा. सासऱ्यांनी आधी नवं मडकं पुढं केलं, पण त्याची नजर कोपऱ्यातल्या धडुत्यावर. सासऱ्यांनी घसा खाकरला.

"चाचा, साहेबांना सांगा, नमुना... तोफंच्या दणक्यानं खाली आला. आमचा काय दोष न्हाई."

चाचांनी ते सांगितलं. हवालदाराचा चेहरा हलला नाही. त्यानं विचारलं, कोणत्या दिवशी?

"सोमवारी," सासूबाई आतून बोलून गेल्या.

हवालदार चाचांशी हळू आवाजात बोलला. चाचांनी एकदा सासऱ्यांकडं, एकदा जमिनीकडं बघितलं. "साहेब म्हणतात, त्या सोमवारी तोफा झाल्याच न्हाईत. सरावाचा कागद तेच टाईप करत्यात."

सासऱ्यांची मान खाली गेली होती. त्यांच्या कपाळावरून घाम निथळताना मला दिसत होता, आणि मला वाटलं, आता यांना नेतील. दोरी बांधून नेतील. मी काय करते आहे ते कळायच्या आत मी दाराबाहेर आले होते.

"म्या फोडलं," मी म्हणाले. "त्यांना नेऊ नका. म्या वाजवत हुते."

सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला. सासरे माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना हे नवंच होतं. चाचांनी सांगायची गरज पडली नसावी, कारण हवालदारानं सरळ माझ्याकडं बघून हात पुढं केला. तुकडे दे.

मी राखेतून वाकळ आणून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं सुटलेला तुकडा उचलला, राख फुंकली, कडेवरून अंगठा फिरवला. मग मान फिरवून भिंतीकडं तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. शिव्या, मार, कोठडी, सगळ्याची मी तयारी केली होती. याची नव्हती. त्याच्या रडण्याची मला जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि चाचांमार्फत विचारलं, "काय वाजवत होतीस?"

"न्हाई येत मला."

"जे येतं ते."

नवं मडकं माझ्या मांडीवर आलं. सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषासमोर. पहिल्या वेळी ठोके पडलेच नाहीत. दुसऱ्या वेळी पडले, चारच. ते ऐकून त्यानं मान तिरपी केली. "फिर से," म्हणाला. मी पुन्हा वाजवलं. तेव्हा कळलं, तो मला ऐकत नव्हता, मडक्याला ऐकत होता. त्यानं ते माझ्याकडून घेतलं, गळ्याशी, पोटावर, बुडाशी वाजवून बघितलं, आत हात घालून चाचपलं. मग जुने तुकडे वाकळेत बांधले, नवं मडकं काखोटीला मारलं आणि टांग्यात जाऊन बसला. ना माफ केलं म्हणाला, ना तक्रार करतो म्हणाला.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. टापा वाजल्या की मी हातातलं काम टाकून दाराच्या फटीशी जाई. सासरे माझ्याशी बोलले नाहीत. रागावलेही नाहीत, आणि तेच जास्त जड होतं.

मग एका सकाळी चाचा आले. "साहेबांनी बोलावलंय. तिघांना. कॅम्पात."

"कशाला?"

"ते काय मला सांगत्यात का?"

सासऱ्यांनी धुतलेलं पागोटं बांधलं. सासूबाईंनी चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला, कोठडीत काय मिळेल न मिळेल म्हणून. कॅम्पाच्या नाक्यावर संगीनवाल्या शिपायानं टांगा अडवला तेव्हा सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

टांगा देवळाशी थांबला. पत्र्याचं छोटं देऊळ, पुढं मांडव. लढाईमुळं रात्री दिवे लावायची बंदी म्हणून कार्यक्रम दुपारीच होता. आम्हाला कडेला सतरंजीवर बसवलं. समोर नऊवारीसारख्याच पण वेगळ्या नेसणीच्या एक बाई, त्यांच्या बाजूला फिडलवाला, मृदंगवाला, आणि हवालदार. खाकी नव्हती, पांढरं धोतर होतं. मांडीवर माझं मडकं. त्याच्या तोंडाच्या आतल्या कडेला ओल्या मातीचा एक गोळा चिकटवलेला दिसला. चाचा म्हणाले, सूर केसभर चढा होता, मातीनं खाली आणलाय.

गाण्यातलं मला काही कळलं नाही. मी फक्त मडक्याकडं बघत होते. तडा जाईल, आता जाईल. मग बाई गायच्या थांबल्या आणि मृदंग आणि मडकं दोघंच उरले. एकानं विचारावं, दुसऱ्यानं उत्तर द्यावं, वेग वाढत वाढत. आणि ऐन भरात हवालदारानं मडकं दोन्ही हातांनी वर फेकलं.

मी किंचाळले. सगळ्यांनी वळून बघितलं. मडकं फिरत खाली आलं, त्यानं ते ठोक्याला ठोका न चुकवता झेललं आणि वाजवत राहिला. शिपाई हसले. मी पदरात तोंड खुपसलं, ते शेवटपर्यंत काढलं नाही.

निघताना तो आमच्यापाशी आला. सासऱ्यांना हात जोडले. "और एक," म्हणाला, बोट दाखवून. "ऐसा ही."

परतीच्या टांग्यात सासऱ्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "आतून किती जाड हुतं गं ते?"

मी करंगळी दाखवली. ते ती बघून पुढं बघायला लागले. सासूबाईंनी फडकं सोडलं आणि चाचांसकट सगळ्यांनी ती भाकरी खाल्ली.

दुसरं मडकं करायला तीन आठवडे लागले. ते घेऊन सासरे आणि चाचा कॅम्पात गेले, तर बराकी रिकाम्या. पलटण पूर्वेकडं लढाईवर गेली होती. चाचांनी बरेच दिवस चौकशी केली, पण हवालदाराचं काही कळलं नाही. तो परत आला की नाही, मडकं कुठवर टिकलं, मला आजही ठाऊक नाही.

इकडं काय झालं, तर माझ्या नवऱ्यानं ते दुसरं मडकं न विचारता पारनेरला नेऊन विकलं. पुढच्या बाजाराला गिऱ्हाईक परत घेऊन आलं, यात पाणी गारच होत नाही म्हणून. सासऱ्यांनी ते निमूट घेतलं आणि माझ्या उतरंडीशेजारी ठेवलं. त्यानंतर माझ्यावर त्यांनी थापी उगारली नाही. सासूबाईंवर मात्र पुढंही उगारली.

घरात कुणी नसलं की मी ते मांडीवर घ्यायची. चाराचे आठ ठोके झाले, आठाचे सोळा. सासरे गेले, सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली. पण दाराला कडी घातल्याशिवाय मी एकदाही वाजवलं नाही.